घरच्या गॅरेजसाठी पोर्टेबल कार लिफ्ट: घ्यायच्या आधी आणि घेतल्यावर काय काय बघायचं

आमचं घर कोल्हापुरात आर. के. नगरला. पुढं गाडी लावायला दहा बाय अठराची शेड आणि खाली पेव्हर ब्लॉक. तीन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून आवाज यायला लागला म्हणून ट्रॉली जॅकनं गाडी उचलली, घोडी (गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) लावली, चाक काढलं, आणि काढलेलं चाक सवयीनं दाराखाली आडवं सरकवून ठेवलं. आतून पाना आणायला गेलो, आईनं चहा हातात दिला, परत आलो तर घोडीचा एक पाय दोन ब्लॉकच्या फटीत तीन बोटं खाली गेलेला आणि गाडी त्या बाजूला कललेली. दाराखालची पट्टी त्या चाकावर जाऊन टेकली होती म्हणून गाडी राहिली. त्या दहा मिनिटांत मी गाडीखाली झोपलेलो असतो तर काय झालं असतं, हा विचार अजून डोक्यातनं जात नाही.

तेव्हापासून लिफ्टचा अभ्यास सुरू झाला. दोन वर्षं बघितलं, विचारलं, एक घेऊन परत दिली, मग दुसरी घेतली आणि आता ती नियमित वापरतोय. आसपासचे बरेच जण विचारतात की कुठली घ्यायची, किती टनाची घ्यायची. मला वाटतं टन हा दोन नंबरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, खाली जमीन काय आहे आणि लिफ्टचं लॉक कसलं आहे. या दोन गोष्टींसाठी पैसे आणि वेळ द्या, बाकी सगळं जुळवून घेता येतं. म्हणून त्या दोन्हींवर मी जरा लांबण लावणार आहे.

आधी ठरवा, खरंच पाहिजे का

वर्षातनं एकदा ऑइल बदलायचं आणि दोनदा चाकं फिरवायची एवढंच काम असेल तर लिफ्ट घेऊ नका. तीन टनाचा चांगला ट्रॉली जॅक, चार घोड्या आणि सपाट कोबा एवढ्यात ते निभतं. पण घरात दोन-तीन गाड्या आहेत, ब्रेक पॅड, लोअर आर्मचे बुश, एक्सलचे बूट, सायलेन्सर असली कामं स्वतः करायची हौस आहे, किंवा माझ्यासारखं गगनबावड्याच्या रस्त्यानं सारखं कोकणात जाणं-येणं असतं, तर लिफ्टचा उपयोग आहे. समुद्राकाठची खारी हवा आणि आपल्याकडचा चिखल दोन्ही बुडाला बसतं आणि पत्रा आतल्या बाजूनं गंजत जातो. वर्षातनं दोनदा गाडी वर घेऊन खालून धुऊन, वाळवून, गंज घासून रंग मारला की गाडीचं आयुष्य वाढतं. आणि हे काम रस्त्यावर पाठीवर झोपून नीट होत नाही.

पोर्टेबल म्हणजे नेमकं काय काय मिळतं

तीन प्रकार लक्षात ठेवा.

पहिला, दोन बुटक्या लांब फ्रेमची जोडी. गाडीच्या डाव्या-उजव्या बाजूनं खाली सरकवायच्या, एका छोट्या हायड्रॉलिक पंपाला नळ्यांनी जोडायच्या, बटण दाबलं की दोन्ही एकदम वर. क्विकजॅक हे यातलं जगभर माहीत असलेलं नाव, आता तसल्या धाटणीच्या इतरही मिळतात. मिटलेल्या अवस्थेत उंची साधारण तीन इंच, म्हणजे आपल्या बहुतेक गाड्यांखाली आरामात जाते. वर गेल्यावर गाडी जमिनीपासून दीड ते दोन फूट. काम झालं की फ्रेम भिंतीला उभ्या करून ठेवायच्या. खाली मधली जागा पूर्ण मोकळी मिळते, आणि घरच्या कामासाठी माझ्या मते हाच प्रकार सगळ्यात बरा.

दुसरा, कात्रीसारखी उघडणारी लिफ्ट, टायरवाल्यांकडं आणि डेंटिंगवाल्यांकडं दिसते ती. चार फुटांपर्यंत जाते, पण मधोमध कात्री असल्यामुळं गिअरबॉक्स, सायलेन्सर असल्या मधल्या कामांना अडचण होते. शिवाय चाकं लावलेली असली तरी वजन एवढं की एकट्यानं हलवायचं म्हणजे त्रास. चाकं, ब्रेक, डेंटिंग यासाठी उत्तम.

तिसरा, दोन खांबांची सुटी होणारी. ही जमिनीत बोल्टनं आवळायची असते, काम झालं की खांब काढून बाजूला. उंची चांगली मिळते, पण सगळा भार त्या बोल्टवर आणि बोल्ट ज्यात बसलेत त्या काँक्रीटवर. भाड्याच्या घरात तर विचारच करू नका, आणि स्वतःच्या घरात असाल तरी जमिनीचा भाग वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका.

गाडी एका कुशीवर आडवी करणारे स्टँडही असतात. बॅटरीतलं ॲसिड, टाकीतलं पेट्रोल, इंजिनातलं ऑइल सगळं एका बाजूला जातं. नवीन माणसानं त्याच्या नादाला लागू नये.

एक गैरसमज मात्र आत्ताच काढून टाका. दोन फ्रेमच्या लिफ्टवर गाडी घेतली की आपण सर्व्हिस सेंटरसारखे खाली उभं राहून काम करू असं बऱ्याच जणांना वाटतं. नाही. दोन फुटांत माणूस झोपून किंवा चाकांच्या सरकत्या फळीवर पडूनच काम करतो. पण जॅकवरच्या एक फुटात आणि या दोन फुटांत फरक असा की हात वर करून पाना पूर्ण फिरतो, छातीवर काही टेकत नाही, आणि मान वळवून बघता येतं. एकदा ते सुख मिळालं की परत जॅककडं जावंसं वाटत नाही.

जमीन

कोल्हापुरात नवीन वसाहतींमध्ये जमीन बऱ्याच ठिकाणी काळी आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. त्यावर मुरूम नीट न दाबता पेव्हर ब्लॉक टाकले की दोन पावसाळ्यांत ते वर-खाली होतात. गाडीची चाकं रुंद असतात म्हणून चालून जातं, पण लिफ्टच्या फ्रेमचं टोक किंवा घोडीचा पाय एवढ्याशा जागेवर शेकडो किलो देतो. साधा हिशोब बघा, हजार किलोची पुढं इंजिन असलेली गाडी, पुढच्या बाजूला साधारण साठ टक्के वजन, म्हणजे सहाशे किलो, म्हणजे पुढच्या एका टेकूवर तीनशे किलो. एवढं वजन तळहाताएवढ्या जागेवर.

शहाबादी फरशी आणि टाइल्स दिसायला सपाट, पण खाली पोकळ असेल तर अचानक फुटतात. नाण्यानं किंवा पान्याच्या टोकानं फरशी ठोकून बघा, भरीव आवाज आणि पोकळ आवाज लगेच कळतो. पोकळ असेल तिथं लिफ्ट नको.

मी शेवटी शेडमधले ब्लॉक काढून टाकले. काळी माती फूटभर खणून बाहेर काढली, मुरूम टाकून पाणी मारून मारून धुम्मस केला, वर सळईची जाळी आणि पाच इंच काँक्रीट. गवंड्याला एम-२० चं प्रमाण सांगितलं, म्हणजे एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. तो म्हणाला, मालक, गाडी लावायला एवढं कशाला, चार इंच कोबा टाकतो की. मी म्हटलं, याच्याखाली मी झोपणार आहे. मग त्यानं काही विचारलं नाही, उलट रोज संध्याकाळी स्वतः येऊन पाणी मारून गेला. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात, तेवढं थांबलो. तुम्ही पण थांबा, चौथ्या दिवशी गाडी उचलायची घाई करू नका.

बोल्टवाली दोन खांबांची लिफ्ट घेणार असाल तर कंपन्या साधारणपणे कमीत कमी चार इंच जाडीचं आणि ३००० पीएसआय (चौरस इंचाला पाउंड) ताकदीचं काँक्रीट मागतात. एम-२० त्याला कमी पडतं, म्हणून तिथं एम-२५ आणि सहा इंच धरा. आणि बोल्ट मारायची जागा काठापासून किंवा सांध्यापासून लांब पाहिजे.

आता उतार. पार्किंगला पाणी जायला गवंडी हमखास उतार देतो, आणि लिफ्टला नेमका तोच नको असतो. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही टोकांची पातळी बघा, गवंड्याकडं ती नळी असतेच. मी पाणी जायचा उतार शेडच्या बाहेर घेतला आणि आतला भाग समपातळीत ठेवला. उतारावर लिफ्ट लावून एका बाजूला फळी, कडप्पा असलं काही सरकवून लेव्हल करू नका. तो तुकडा कधी सटकेल सांगता येत नाही.

मापं

दुकानात जायच्या आधी मोजपट्टी घेऊन अर्धा तास गाडीखाली वाका. गाडीच्या पुस्तकात जॅक लावायच्या जागा चित्रात दाखवलेल्या असतात. मारुती, ह्युंदाई, टाटाच्या बहुतेक छोट्या गाड्यांना दाराखालच्या पत्र्याच्या उभ्या पट्टीवर दोन-दोन खाचा असतात, पुढच्या चाकाच्या मागं आणि मागच्या चाकाच्या पुढं. त्या दोन खाचांमधलं अंतर मोजा. हे अंतर व्हीलबेसपेक्षा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधल्या अंतरापेक्षा, बरंच कमी भरतं. आमच्या हॅचबॅकला १४६ सेंटीमीटर भरलं. लिफ्टच्या माहितीपत्रकात कमीत कमी आणि जास्तीत जास्त टेकूचं अंतर दिलेलं असतं, तुमचा आकडा त्या दोन्हीच्या मधे पाहिजे. लोक टन बघतात आणि हे बघत नाहीत, मग लिफ्ट घरी येते आणि मागचा टेकू खाचेपर्यंत पोचतच नाही.

वजनाच्या आकड्यात एक फसगत आहे. परदेशी मॉडेलच्या नावातला ५००० किंवा ७००० हा आकडा पाउंडात असतो. ५००० पाउंड म्हणजे साधारण २२७० किलो, ७००० म्हणजे ३१७५. किलो समजून घेतलं तर पंचाईत. स्विफ्ट, वॅगनआर वगैरे ८००-९५० किलोच्या आसपास, नेक्सॉनसारखी गाडी बाराशेच्या पुढं, इनोव्हा क्रिस्टा अठराशेच्या वर. मी म्हणतो गाडीच्या वजनावर निदान पाव हिस्सा जास्त क्षमता घ्या, आणि पुढची गाडी मोठी घ्यायचा विचार असेल तर आत्ताच मोठी लिफ्ट.

शेडची रुंदी पण बघा. गाडी मधोमध लावल्यावर दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट तरी मोकळं पाहिजे, कारण फ्रेम बाजूनं आत सरकवायची असते आणि एकेक फ्रेम मॉडेलप्रमाणे ३५ ते ५० किलो भरते. उंचीचा प्रश्न सहसा येत नाही, दीड मीटरची गाडी आणि वर दोन फूट, सात फुटांत बसते, पण डिकीचं दार वर उघडून ठेवायची सवय असेल तर छत किंवा पंखा लागतो का बघा. आमच्याकडं ट्यूबलाइट लागली असती, ती सरकवली.

लॉक

लिफ्ट वर जाते ती तेलाच्या दाबानं. पंप तेल ढकलतो, सिलेंडरमधला दांडा बाहेर येतो, फ्रेम उघडते. वर गेल्यावर गाडी कशावर उभी असते? लॉक नसेल तर त्याच तेलावर, म्हणजे खरं तर रबराच्या एका बारक्या सीलवर आणि नळीच्या जोडावर. सील झिजलं, जोड ढिला झाला, नळी तडकली की गाडी खाली. म्हणून प्रत्येक बाजूला लोखंडाचा असा अडसर पाहिजे जो वर जाताना आपोआप खाचेत पडतो आणि तेल नसलं तरी वजन धरतो. चालू पंपावर कितीही विश्वास वाटला तरी लॉकवर बसवल्याशिवाय खाली हातसुद्धा घालायचा नाही, डोकं लांबची गोष्ट.

मी पहिली घेतलेली लिफ्ट परत दिली ती याचमुळं. दुकानदारानं सांगितलं की व्हॉल्व्हमध्येच सेफ्टी आहे, नळी फुटली तरी तेल परत येत नाही. नळी फुटल्यावर तेल अडवणारा व्हॉल्व्ह असतो हे खरं आहे आणि तो असावाच, पण तो सिलेंडरच्या आतलं सील गेल्यावर काही करत नाही. घरी आणून रिकामी वर केली, रात्रभर तशीच ठेवली, सकाळी एक बाजू चार बोटं खाली आलेली. गाडी न चढवताच परत केली. थोडे पैसे कापून घेतले त्यानं, जाऊ देत.

दुकानात ही चाचणी मागा आणि स्वतः बघा. लिफ्टवर गाडी घ्यायला लावा, लॉकवर बसवायला सांगा, मग खाली सोडायचं बटण किंवा व्हॉल्व्ह दाबायला सांगा. गाडी तसूभर हलली नाही पाहिजे. हलली तर तिथंच राम राम. दोन्ही बाजूंचं लॉक लांबून डोळ्यांना दिसतंय का तेही बघा, वाकून बॅटरी मारूनच दिसत असेल तर रोजच्या वापरात तुम्ही ते बघणार नाही. युरोपचं लिफ्टसाठीचं मानक ईएन १४९३ किंवा अमेरिकेची संस्था एएलआय (ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट) यांच्या प्रमाणपत्राचा कागद मागा. नुसता स्टिकर कुणीही चिकटवतो.

इथं एक गोष्ट मनापासून सांगतो. आपल्याकडं उद्यमनगर आहे, शिरोली आणि गोकुळ शिरगावची एमआयडीसी आहे, तिथले मेस्त्री काय बनवू शकत नाहीत? मला पण सगळ्यांनी सांगितलं, अर्ध्या पैशात बनवून मिळेल. बनवतील, शंका नाही. पण लिफ्टमध्ये पिनचं स्टील कुठलं, वेल्डिंग किती भार घेतं, दीडपट वजनाची चाचणी कुणी केली, हे कागदावर नसेल तर ती माझ्या डोक्यावर नको. उद्यमनगरचा उपयोग मी वेगळ्या कामाला केला. मागच्या टेकूसाठी जाड रबराचे खाच पाडलेले ठोकळे, फ्रेम उभ्या ठेवायला भिंतीवरचा स्टँड, ऑइल धरायचा रुंद ट्रे, हे सगळं तिथंच करून घेतलं आणि बाजारातल्यापेक्षा चांगलं झालं.

लाइट

पंपाची मोटर घरच्या सिंगल फेजवर चालणारी मिळते. दोन-सव्वादोन किलोवॅटची असेल तर चालताना बारा-तेरा अँपिअर घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. म्हणून शेडमधल्या साध्या पाच अँपिअरच्या सॉकेटवर नको. वायरमनला सांगून स्वतंत्र १६ अँपिअरचा सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटरची वायर, मोटरसाठी असतो तो सी टाइपचा एमसीबी, आणि करंट गळला की लाइट तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. अर्थिंग तपासून घ्या, ओल्या कोब्यावर लोखंडाच्या लिफ्टशेजारी उघड्या पायानं उभं राहणारे आपण. बारीक एक्स्टेंशनची गुंडाळी लावली तर व्होल्टेज पडतं, मोटर गुरगुरते आणि गाडी उचलत नाही, मग लोक लिफ्टला दोष देतात.

मधेच लाइट गेली तर? लॉकवर असेल तर गाडी सुरक्षित आहे, फक्त अडकली. कारण लॉक सोडवायला आधी गाडी इंचभर वर घ्यावी लागते आणि त्याला पंप लागतो. पावसाळ्यात महावितरणचा भरवसा धरून संध्याकाळी सात वाजता काम काढू नका, सकाळी काढा. १२ व्होल्टवर, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर चालणारे पंपही येतात, ज्यांच्याकडं लाइट फार जाते त्यांनी तो बघावा.

पहिल्यांदा वापरताना

नवीन लिफ्ट आली की आधी पुस्तक वाचा, सांगितलंय तेच तेल तेवढंच भरा, आणि गाडीशिवाय रिकामी आठ-दहा वेळा वर-खाली करा. नळ्यांत हवा असते, ती निघेपर्यंत एक बाजू पुढं एक मागं असं होतं, धक्के देत चालते. पुस्तकात हवा काढायची पद्धत असते तशी काढा. सगळे जोड कोरड्या फडक्यानं पुसून खाली पुठ्ठा टाका, रात्रभर ठेवा. सकाळी पुठ्ठ्यावर थेंब दिसला तर तो जोड शोधा.

मग गाडी. आत कुणी बसलेलं नको, डिकीत सामान नको. चाकं काढायची असतील तर नट जमिनीवरच अर्धा फेरा ढिले करून घ्या. गाडी सरळ आणि मधोमध लावा. दोन फ्रेमच्या लिफ्टमध्ये वर जाताना फ्रेम कमानीत फिरते, त्यामुळं गाडी सरळ वर न जाता थोडी पुढं किंवा मागंही सरकते. म्हणून पुढं-मागं भिंत, सायकल, कुंड्या चिकटून नकोत. हँडब्रेक आणि गिअरचं लिफ्टच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच करा, जॅकची सवय इथं चालवू नका.

फ्रेम आत सरकवा, रबरी ठोकळे खाचांच्या बरोब्बर खाली आणा. चार ठोकळे, चार जागा, गुडघ्यावर बसून चारही स्वतः बघा. मी खाचांशेजारी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलाय, अंधारात पण दिसतो. ठोकळा ऑइल चेंबरखाली, फ्लोअरच्या मोकळ्या पत्र्याखाली, ब्रेकच्या पाइपखाली कधीच नको.

आता बटण दाबा, पण फक्त ठोकळे पत्र्याला टेकेपर्यंत. थांबा. परत चारही बघा. एखादा तिरका टेकला असेल तर खाली घेऊन नीट करा, आळस करू नका, पुढची सगळी सुरक्षितता या अर्ध्या मिनिटावर आहे. मग चाकं जमिनीपासून दोन-तीन बोटं सुटेपर्यंत वर घ्या आणि परत थांबा. बंपरपाशी उभं राहून गाडीला दोन्ही हातांनी चांगला झटका द्या, मग बाजूनं द्या. डुलली, करकरली, ठोकळा सरकला तर इथंच कळतं आणि इथून पडली तरी दोन बोटंच पडते. पहिल्या वेळी मी झटका दिला तेव्हा मागचा उजवा ठोकळा अंगठ्याएवढा आत सरकला होता, कारण त्या पट्टीवर अंडरबॉडी कोटिंगचा जाड थर होता आणि तो ओलसर होता. खाली घेतली, पट्टी खरवडून पुसली, परत उचलली, मग नाही हलली.

आता वर घ्या. लॉक खाचेत पडताना खट असा आवाज येतो, एका बाजूचा आधी, दुसरीचा मागाहून. दोन्ही आवाज मोजा, आणि तरीही डोळ्यांनी बघा. मग खाली सोडायचं बटण दाबून गाडी लॉकवर बसू द्या. पंपाचा आवाज बंद झाला, फ्रेम किंचित दबली आणि थांबली, म्हणजे आता वजन लोखंडावर आहे. परत एकदा झटका. त्यानंतरसुद्धा मी दोन घोड्या गाडीखाली उभ्या करतो आणि काढलेली चाकं आडवी सरकवतो. पाच मिनिटं जातात. त्या दिवशी त्या चाकानंच गाडी धरली होती.

खाली काम करताना घरात कुणाला तरी सांगून ठेवा. आमच्याकडं नियम आहे की मी गाडीखाली असताना पंपाचा प्लग काढलेला असतो आणि तो माझ्या खिशात नाही तर आईसमोर टेबलावर असतो.

काही गाड्यांचं वेगळं

बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, इनोव्हा क्रिस्टा या खाली चॅसी, म्हणजे वेगळा लोखंडी सांगाडा, असलेल्या गाड्या. त्यांना दाराखालच्या पत्र्यावर उचलायचं नाही, टेकू चॅसीला लागला पाहिजे, आणि ती उंच असल्यामुळं लिफ्टबरोबर उंच ठोकळे घ्यावे लागतात. ठोकळ्यावर ठोकळा रचायचा तो कंपनीनं दिलेलाच, लाकडाची ढलपी नाही.

सीएनजीच्या गाडीत मागं सिलेंडर असतो, मागचं वजन वाढतं, तेव्हा झटक्याची चाचणी जास्त नीट करा. इलेक्ट्रिक गाडीच्या पोटात सगळी बॅटरी आहे, ठोकळा दोन बोटं आत गेला तरी बॅटरीच्या कव्हरला लागू शकतो, आणि कात्री लिफ्ट तर पुस्तकात परवानगी असल्याशिवाय लावूच नका. आणि कुठल्याही गाडीचं इंजिन किंवा गिअरबॉक्स काढणार असाल तर वजनाचा तोल बदलतो, पुढनं हलकी झालेली गाडी मागं झुकते. नवीन माणसानं पहिल्या वर्षी हे काम काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

खाली घेताना आणि ठेवताना

उतरवायच्या आधी घोड्या, चाकं, ट्रे, पाने सगळं बाहेर. हत्यारं मोजून ठेवायची सवय लावा. खाली वाकून पूर्ण आरपार बघा, आमच्या गल्लीतलं मांजर दोनदा गाडीखाली जाऊन बसलं होतं. इंचभर वर घ्या, दोन्ही लॉक सोडवा, दोन्ही सुटलेत हे बघा, मगच खाली. एक सुटलं आणि एक अडकलं तर गाडी एका बाजूनंच खाली येते, तेव्हा पहिल्या दोन-तीन इंचांत हात बटणावर आणि डोळे दोन्ही बाजूंना.

काढलेलं जुनं ऑइल गटारात ओतू नका, ते पुढं पंचगंगेतच जातं आणि तेच पाणी खालची गावं पितात. डब्यात साठवून जुनं ऑइल अधिकृतपणे गोळा करणाऱ्याकडं किंवा ते घेणाऱ्या गॅरेजकडं द्या.

महिन्यातनं एकदा नळ्यांवर भेगा, जोडांवर ओल, पिना, रबरी ठोकळे बघा. ठोकळ्याला चीर गेली की टाकून द्या. नळ्या सुट्या केल्या की तोंडावर टोपण लावा, वाळूचा एक कण आत गेला तरी सील खातो. पावसाळ्यात फ्रेम जमिनीवर पाडून ठेवू नका, पिना गंजतात. आणि २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या दारात पुराचं पाणी आलं त्या भागातल्यांनी, शाहूपुरी कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा खालचा भाग, पंपाची मोटर भिंतीवर उंच फळीवरच ठेवावी. फ्रेम धुऊन पुसून परत वापरता येते, पाणी शिरलेली मोटर आणि गढूळ झालेलं तेल मात्र बदलावंच लागतं.

चाकं काढली असतील तर नट गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क पान्यानं, पुस्तकातल्या आकड्याला, समोरासमोरचे आळीपाळीनं आवळा. गल्लीत एक चक्कर मारून या आणि परत एकदा पाना लावून बघा.